तरवडाचं कातडं, काडतुसांचा पट्टा

शिकारीच्या जमान्यावर लिहिणारे बंदुकीपाशीच थांबतात. नळी कुठली, कारखाना कुठला, वाघ किती. काडतुसं ज्या कातड्यात बसायची, त्याच्याबद्दल अवाक्षर नाही. हैदराबादवर लिहिताना तर ही चूक अक्षम्य आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांचं शिकारीचं वेड सर्वश्रुत आहे. १८९३ साली ऑस्ट्रियाचा फ्रान्झ फर्डिनांड इथे शिकारीला आला, तोही राजा दीनदयाळांच्या छायाचित्रांत सापडतो. या दरबारी पर्वावर भरपूर छापून आलंय. मी ते ओलांडतो.

माझा जीव अडकलाय पट्ट्यात. सुलतान बाजारामागच्या गल्लीत एक वृद्ध कारागीर, चाचा, बसायचे. त्यांचं कातडं तरवडाच्या सालीत कमावलेलं असे. तरवड म्हणजे तेलंगणाचा तंगेडू. बतुकम्मात रचतात ती त्याचीच पिवळी फुलं. हे कातडं भिजवलं की नरमतं आणि वाळताना दिलेला आकार धरून ठेवतं. क्रोमवर कमावलेलं कातडं मऊ, देखणं असतं, पण असा आकार धरत नाही. सगळी मेख इथेच आहे.

चाचा रापीने पट्टी कापायचे, पट्ट्याला खाचा पाडून ती त्यांतून ओवायचे आणि तयार झालेल्या प्रत्येक घरात बारा बोअरच्या काडतुसाच्या जाडीची लाकडी खुंटी घालायचे. मग ओलं कातडं अंगठ्याने दाबत खुंटीभोवती बसवायचं आणि सावलीत वाळू द्यायचं, उन्हात कधीच नाही. आरीने भोकं पाडून मेणाच्या दोऱ्याने दोन सुयांची शिवण. पट्टा तयार झाला की काडतुसं भरून तो उलटा धरून झटकायचे. एकही पडता कामा नये, आणि दोन बोटांनी ओढलं की लगेच हाती यायला हवं. ‘‘मुठ्ठी नको साब, चुटकी होना,’’ असं ते म्हणत.

कानपुरी आणि विलायती मालाशिवाय काही न मानणारे जाणकार नक्षी आणि बकलं बघतात. घर चिमटीसारखं बसतं की नाही, हे तपासत नाहीत. त्यांचा आक्षेप असा, की कातड्याने काडतुसाचं पितळ हिरवं पडतं. पडतंच, सालीतल्या आम्लाचा तो गुण आहे. पण पट्टा वागवण्यासाठी असतो, साठवणीसाठी नाही. संध्याकाळी काडतुसं काढून पुसायची, हा जुना शिरस्ता होता. पावसाळाभर भरलेला पट्टा खुंटीला टांगून ठेवायचा आणि वर कारागिराला बोल लावायचा, हा न्याय नव्हे.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम बसला आणि ते योग्यच झालं. मागणी आटली. कारागिरांची मुलं चपला आणि बॅगांकडे वळली. आज दुकानात मिळतात ते रेक्झिनचे पट्टे. त्यांचं इलॅस्टिक लवकरच सैल पडतं.

पण बंदूक संपलेली नाही. हैदराबादच्या कायनन चेनाईने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ट्रॅप नेमबाजीत वैयक्तिक कांस्य आणि सांघिक सुवर्ण मिळवलं. एका फेरीत पंचवीस तबकड्या. काडतुसं कमरेच्या थैलीतून घ्यायची. नजर समोर ठेवून हात आत घालायचा, तर थैलीचं तोंड आपोआप उघडं राहायला हवं. नायलॉनचं तोंड मिटतं; तरवडी कातड्याचं, ओलं असताना साच्यावर बसवलेलं तोंड ताठ राहतं. आपल्या नेमबाजांनी अशी एक थैली इथल्या मोच्याकडून करून घ्यावी. आरी आणि रापी चालवणारे हात या शहरात अजून आहेत. मागणी नोंदवणारं गिऱ्हाईक तेवढं उरलेलं नाही.