ओळख, ओळखपत्र आणि दार

(अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर येथे उद्योजक, कामगार आणि विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सोलापुरात विमानतळाचा विषय निघाला की बोलणं आधी चिमणीवर जातं. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली, २९ सप्टेंबर २०२४ ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं आणि ९ जून २०२५ ला होटगी रोडच्या धावपट्टीवरून गोव्याचं विमान सुरू झालं. चिमणीच्या वादातल्या दोन्ही बाजूंची मंडळी इथं बसली आहेत, तेव्हा त्यात आम्ही पडत नाही. पण त्या वादानं एक गोष्ट आपल्या सगळ्यांना शिकवली. विमानासाठी आकाशाचाही एक तुकडा मोकळा ठेवावा लागतो. आज आपण जमिनीवरच्या राखीव तुकड्याबद्दल बोलणार आहोत.

संयोजकांनी विषय सांगितला तेव्हा आम्ही म्हटलं, अहो, आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, आमचा आणि विमानतळाचा संबंध काय? ते म्हणाले, "सर, आमच्या प्रत्येक कारखान्याला गेट आहे, वॉचमन आहे, गेटपास आहे. तरी आत कोण कुठं जातं याचा पत्ता नसतो. विमानतळावर हे कसं जमवतात ते सांगा." मग आम्ही वाचलं, विचारलं आणि आमच्या लक्षात आलं की हा प्रश्न आमच्याच विषयातला आहे. एखाद्याला ओळखणं म्हणजे नेमकं काय, हा तो प्रश्न.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या विमानतळावर आम्ही स्वच्छतागृह शोधत होतो. सफाईचं काम करणाऱ्या एक बाई आल्या, त्यांनी भिंतीतल्या एका दाराला कार्ड लावलं, दार उघडलं. आम्हाला वाटलं, हेच असणार. आम्ही मागोमाग निघालो. बाई वळल्या, हात आडवा धरला आणि म्हणाल्या, "आजोबा, माझ्या कार्डावर तुम्हाला येता येत नाही. तुमचं तिकडं, डावीकडं." आणि दार पुरतं लागेपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या. खरं सांगतो, आम्हाला राग आला. पांढरे केस, वाकलेली पाठ, आमच्यापासून कसला धोका? त्या बाईंचं बरोबर होतं हे कळायला आम्हाला बराच वेळ लागला. आजचं व्याख्यान म्हणजे त्या रागाचा हिशेब आहे असं समजा.

आधी रचना समजून घेऊ. विमानतळाचे दोन भाग असतात. एक शहराच्या बाजूचा: रिक्षा, पार्किंग, निरोप द्यायला आलेली मंडळी. दुसरा विमानाच्या बाजूचा: धावपट्टी, विमानं उभी राहण्याची जागा, सामान चढवण्याची जागा, मालवाहतूक, इंधन. या दोन भागांमधली रेघ हा सगळ्या सुरक्षेचा कणा. प्रवासी ती रेघ तिकीट, ओळखपत्र आणि तपासणी यांच्या जोरावर ओलांडतो. तिथं काम करणाऱ्याला लागतो विमानतळ प्रवेश परवाना; तिथली मंडळी त्याला 'एईपी' म्हणतात. नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरोच्या नियमांखाली तो मिळतो. अर्ज एकट्या माणसाला करता येत नाही, तो ज्या संस्थेत काम करतो तिच्यामार्फत करावा लागतो. पोलिसांकडून पूर्वचारित्र्य तपासलं जातं. परवान्यावर फोटो असतो, मुदत असते आणि कोणत्या कोणत्या भागात जाता येईल त्याच्या खुणा असतात. सामान चढवणाऱ्याला मालाच्या गोदामात जायचं कारण नसेल, तर ती खूण त्याच्या परवान्यावर नसते. पाहुणा म्हणून एक दिवस आत जायचं असेल तर तात्पुरता पास मिळतो, आणि बरोबर पक्का परवाना असलेला माणूस लागतो.

आता 'ओळख' या शब्दाकडे बघू. मराठीत या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. 'ओळख पटली' म्हणजे हा तोच माणूस हे नक्की झालं. आणि 'माझी तिथं ओळख आहे' म्हणजे माझं काम होईल, रांगेत उभं राहावं लागणार नाही. आपल्या बहुतेक गेटांवर पहिल्या अर्थाच्या जागी दुसरा अर्थ बसलेला असतो. "मला ओळखत नाहीस का?" हे वाक्य पुष्कळ कुलपांची किल्ली आहे.

आपल्या दर्शनांमध्ये एक जुनं उदाहरण येतं. पूर्वी कधीतरी पाहिलेला देवदत्त आज समोर उभा राहतो आणि आपण म्हणतो, तोच हा देवदत्त. याला प्रत्यभिज्ञा म्हणतात: मागची आठवण आणि आत्ताचं दर्शन यांचा मेळ घालणं. गेटवरचा जवान दिवसभर हेच करत असतो. फोटोतला देवदत्त आणि समोरचा देवदत्त एकच आहे का? हल्ली बोटाचा ठसा आणि चेहरा जुळवणारी यंत्रं हेच काम करतात. पण इथं अर्धंच काम झालं. हा देवदत्त आहे हे ठरलं, म्हणून त्यानं इंधनाच्या टाकीपाशी जावं हे ठरत नाही. तो दुसरा प्रश्न, अधिकाराचा. आज, या वेळेला, या जागी त्याचं काम आहे का? यंत्र पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतं. दुसऱ्याचं उत्तर कुणीतरी जबाबदार माणसानं आधी विचार करून लिहून ठेवलेलं असावं लागतं.

हे नियम कुणाच्या हौसेतून आलेले नाहीत. विमानांच्या अपहरणांची लाट आली, तेव्हा १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं सुरक्षेचं स्वतंत्र परिशिष्ट स्वीकारलं, सतरावं. आपल्याकडे १० सप्टेंबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सचं विमान पळवून लाहोरला नेलं गेलं. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये सुरक्षेचा वेगळा कक्ष झाला. २३ जून १९८५ ला 'कनिष्क' विमानात स्फोट होऊन ३२९ माणसं गेली. त्या प्रवासात एक बॅग विमानात चढवली गेली होती आणि ती देणारा माणूस चढलाच नव्हता. म्हणजे दार नुसतं माणसांसाठी नसतं, वस्तूंसाठीही असतं. १ एप्रिल १९८७ रोजी ब्यूरो स्वतंत्र खातं झालं.

त्याच वर्षीची, ७ डिसेंबर १९८७ ची अमेरिकेतली घटना आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ती कारखानदारांनी ऐकावी अशी आहे. एका विमान कंपनीनं एका कर्मचाऱ्याला कामावरून काढलं. त्याचं ओळखपत्र मात्र परत घेतलं नाही. ते दाखवून तो तपासणी टाळून पिस्तूल घेऊन लॉस एंजलिसहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या विमानात चढला. त्याला काढणारा साहेब त्याच विमानात होता. विमान कोसळलं, ४३ जण मेले. त्या ओळखपत्रावरचा फोटो खरा होता, देवदत्त तोच होता. अधिकार मात्र संपलेला होता आणि ते दाराला कुणी कळवलं नव्हतं. यानंतर तिथं दोन गोष्टी पक्क्या झाल्या: नोकरी सुटली की ओळखपत्र ताबडतोब परत, आणि कर्मचाऱ्यांचीही प्रवाशांसारखीच तपासणी. आता आपण मनाशी विचारू या. गेल्या वर्षभरात आपल्या कारखान्यातून गेलेल्या कंत्राटी कामगारांपैकी किती जणांचे पास परत आले?

उलट बाजूही आहे. १० ऑगस्ट २०१८ रोजी सिएटलच्या विमानतळावर जमिनीवरचं काम करणाऱ्या एका तरुणानं उभं असलेलं रिकामं विमान एकट्यानं उडवलं आणि त्यात तो स्वतः मेला. पंख्यांचं विमान होतं, आपल्या गोव्याच्या विमानासारखंच. त्याचा परवाना खरा, मुदतीतला, त्याच जागेचा. दारानं विचारावे ते सगळे प्रश्न विचारले होते आणि उत्तरं बरोबर होती. मन वाचणारं कार्ड अजून निघालेलं नाही. तिथं शेजारी काम करणारा माणूसच उपयोगी पडतो. आज याचं काही तरी बिनसलंय हे त्यालाच आधी दिसतं.

आता आम्ही अवघड जागी येतो. पूर्वचारित्र्याची तपासणी. सोलापूरला 'सेटलमेंट' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. १८७१ पासून इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचे कायदे केले. त्या कायद्यांखाली आपल्या गावात तारेचं कुंपण घालून पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींच्या लोकांना ठेवलं गेलं. त्यांनी गिरण्यांत काम केलं, पण कुंपणाबाहेर पडायला पास आणि ठरल्या वेळी हजेरी. मुंबई प्रांतात तो कायदा १९४९ मध्ये गेला, देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ ला. तिथंही दार होतं, पास होता, पहारा होता. साधनं जवळजवळ तीच! मग फरक कशात?

फरक दार काय विचारतं त्यात आहे. सेटलमेंटचं दार विचारत होतं, तू कुणाच्या पोटी जन्मलास? त्या प्रश्नाचं उत्तर माणसाला आयुष्यभर बदलता येत नाही. विमानतळाच्या दारानं विचारायचं ते, तुझं इथं काय काम आहे, किती दिवस आहे आणि तू स्वतः काय केलं आहेस? याची उत्तरं माणसाच्या हातात असतात. म्हणून आमचं म्हणणं असं: याच वस्तीतला एखादा मुलगा उद्या होटगी रोडला सामान चढवायच्या कामाला अर्ज करेल, तेव्हा त्याचं आडनाव किंवा पत्ता बघून कुणाची भुवई वर जाता कामा नये. त्याची स्वतःची नोंद बघा. नकार द्यायचा तर कारण द्या, आणि त्याला आपली बाजू मांडू द्या. तपासणी कडक असायला आमची हरकत नाही. पण ती जन्माची असेल तर आपण तार पुन्हा ओढली असं होईल.

ओळखीचं दार आणि जन्माचं दार ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. एक ठरावीक लोकांना न विचारता आत घेतं, दुसरं ठरावीक लोकांना न विचारता बाहेर ठेवतं. विमानतळावर वैमानिकाचीही तपासणी होते आणि झाडूवाल्याचीही. देशात अंगझडतीतून सूट असलेल्या मोठ्या पदांची एक यादी आहे. ती जितकी लहान राहील तितकं दार खरं, असं आम्हाला वाटतं.

शेवटचा मुद्दा. हिरकणीची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. दूध घालायला रायगडावर गेलेली गवळण, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, पहारेकऱ्यांनी नियमाप्रमाणे उघडले नाहीत, आणि घरी तान्हं बाळ म्हणून ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधला, असं सांगतात. आम्हाला यात दोन धडे दिसतात. पहिला, कुंपणातली उणीव दाखवणाऱ्याला शिक्षा करू नका, उणीव बुजवा. सप्टेंबर २०२५ मध्ये काबूलचा तेरा वर्षांचा मुलगा विमानाच्या चाकाजवळच्या पोकळीत लपून जिवंत दिल्लीला पोचला. त्या मुलाला ओरडून काय उपयोग, कुंपण काबूलचं तपासायला हवं.

दुसरा धडा अधिक जवळचा. हिरकणीला आत यायचं नव्हतं, बाहेर जायचं होतं. आत येणाऱ्याला अडवणारं दार बाहेर पळणाऱ्याला अडवता कामा नये. म्हणूनच विमानतळावर संकटकाळी बाहेर पडायची दारं आतून ढकलली की उघडतात, फक्त घंटा वाजते. १८ मे २०२५ ला याच एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. त्या घटनेचा निवाडा करायला आम्ही इथं आलेलो नाही. पण त्या दिवसानंतर सोलापुरात दार आणि कुलूप यांच्याबद्दल बोलताना ही गोष्ट न बोलता उठणं आम्हाला जमणार नाही. चोरी होऊ नये म्हणून रात्रपाळीला बाहेरून कडी घालायची पद्धत कुठंही असेल, तर ती आज घरी जाण्याआधी बंद करा. चोरी गेलेलं सूत पुन्हा विकत आणता येतं.

तर उद्यापासून करण्यासारखं एवढंच. रंगखाना, बॉयलर, गोदाम यांपैकी कुठं कुणाचं काम आहे हे कागदावर लिहा. पासवर मुदत टाका. माणूस गेला की पास त्याच दिवशी परत घ्या. मालकाच्या पाहुण्यालाही वहीत सही करू द्या, आणि वॉचमननं मालकाला अडवलं तर मालकानं त्याची पाठ थोपटावी. बाहेर पडायचं दार दर आठवड्याला उघडून बघा.

त्या सफाईच्या बाई पुन्हा भेटल्या नाहीत. भेटल्या असत्या तर सांगितलं असतं, की बाई, तुम्ही आमच्यावर संशय घेतला नव्हता. तुमच्या नावावर दिलेलं दार तुम्ही सांभाळलंत, आणि आमचं दार कुठलं तेही नीट दाखवलंत.

कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.