खिशावरचा वड

आष्ट्याहून सांगलीला जा, कराडला जा नाहीतर थेट सातारला जा. शाळेच्या वेळेला एसटीत एक बिल्ला हमखास दिसतो. शर्टाच्या खिशावर वडाचे झाड, फांद्यांवरून खाली उतरलेल्या पारंब्या आणि सोबत ब्रीद: ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’. कुठे तो धाग्यांनी भरलेला असतो, कुठे नुसता छापलेला. मोठ्या भावाच्या शर्टाचा उसवून धाकट्याच्या शर्टावर टाचलेला असला, तर कडेला दोन रंगांचे टाके दिसतात आणि पारंब्या धुऊन धुऊन विटलेल्या असतात. हा रयत शिक्षण संस्थेचा बिल्ला. महाराष्ट्र आणि कर्नाटकात मिळून संस्थेच्या सातशेहून जास्त शाखा आहेत. या चिन्हाखाली जेवढी ग्रामीण मुले शिकली, तेवढी दुसऱ्या कुठल्या चिन्हाखाली शिकली असतील असे मला वाटत नाही.

या वडाचे पहिले मूळ आमच्याच भागात आहे, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी आजोळी, कुंभोजला झाला. त्यांचे घराणे वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. शिक्षणासाठी ते कोल्हापूरला गेले आणि जैन बोर्डिंगात राहिले. शाहू महाराजांनी त्या काळात प्रत्येक समाजाला आपापले वसतिगृह काढायला बळ दिले होते. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ चे, जैन बोर्डिंगही त्याच साली सुरू झालेले. खेड्यातल्या पोराला शहरात टेकायला जागा मिळाली ती या बोर्डिंगांमुळे, आणि जातीजातींची वसतिगृहे हीच तेव्हा चालू शकणारी वाट होती. त्या वाटेची मर्यादा भाऊरावांनी स्वतः अनुभवली. अस्पृश्य मुलांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते १९०८ मध्ये हजर राहिले. परतल्यावर, अंघोळ केल्याशिवाय पंगतीत बसता येणार नाही, असे त्यांना सुनावण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले.

त्यानंतर एक-दोन वर्षांतच, १९१० च्या सुमारास, वारणाकाठच्या दूधगावात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह उभे राहिले. ते उभारणाऱ्यांत भाऊराव होते. एका पंगतीतून उठवलेल्या तरुणाने लगेच दुसरी पंगत मांडली, आणि तिथे कोणी कोणाला जात विचारायची नाही असे ठरवले. रयतचा सगळा पुढचा इतिहास मला या पंगतीत दिसतो.

मधल्या काळात भाऊराव ओगले आणि किर्लोस्कर यांच्या मालाच्या विक्रीसाठी गावोगाव हिंडले. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकता विकता त्यांना गावे आतून कळली: कुणाच्या घरात दाणे आहेत, कुठे पोरगे हुशार असून गुरांमागे जाते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. काल्यात वसतिगृह निघाले, पुढे वाळवा तालुक्यातल्या नेर्ल्यातही. १९२४ साली संस्था सातारला गेली. तिथल्या वसतिगृहाला महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ मध्ये ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव दिले गेले.

या बोर्डिंगातला दिवस कसा जायचा? स्वयंपाकाची पाळी, पाण्याची पाळी, झाडलोटीची पाळी, शेतातले काम. सातारच्या धनिणीच्या बागेत मुलेच राबायची, बांधकामाला दगड-मातीही मुलेच वाहायची. ‘कमवा आणि शिका’ ही योजना पुढे सगळ्या महाराष्ट्रात माहीत झाली; तिची तालीम इथे चुलीपाशी झाली होती. ज्याच्या हातचे पाणी गावात कोणी प्यायचे नाही, त्याने थापलेली भाकरी इथे सगळ्यांच्या ताटात पडायची. धान्य मूठमूठ गोळा केलेले असायचे. ते संपले की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपले दागिने काढून द्यायच्या. एका वेळी तर मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या वारल्या. बोर्डिंगातल्या पोरांना त्या ‘वहिनी’ होत्या. वडाच्या पारंबीकडे मी बघतो तेव्हा मला आधी त्या आठवतात.

वडच का, याचे उत्तर झाड स्वतः देते. आंबा एका खोडावर मोठा होतो. वडाची फांदी लांब गेली की पारंबी सोडते, पारंबी मातीला टेकली की तिचे खोड होते आणि पुढची फांदी त्या खोडाच्या आधाराने वाढते. संस्था अशीच पसरली. बोर्डिंगातली मुले शिकून शिक्षक झाली आणि दुसऱ्या गावी जाऊन शाळा धरून बसली. बॅ. पी. जी. पाटील हे भाऊरावांचेच विद्यार्थी, ते पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९४० मध्ये सातारला महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत निवासी हायस्कूल निघाले. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच दिवसांत मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले, ते पुढे पुन्हा सुरू झाले. त्या संकल्पामुळेच ‘महात्मा गांधी विद्यालय’ हे नाव रयतच्या कितीतरी शाळांच्या कमानींवर दिसते. नावाच्या बाबतीत भाऊराव हट्टी होते. मोठी देणगी घ्या आणि कॉलेजला दिलेले शिवाजी महाराजांचे नाव काढून आमचे द्या, असे म्हणणाऱ्या एका धनिकाला त्यांनी परत पाठवल्याची गोष्ट संस्थेतले जुने लोक अजून सांगतात.

शाहू बोर्डिंगच्या नावात ‘हाऊस’ होते; आजच्या शाळांतही हाऊस असतात, आता त्यांच्याकडे वळू. आज मराठी असो की इंग्रजी माध्यम, पुष्कळ शाळांत मुलांचे चार गट असतात: लाल, निळा, हिरवा, पिवळा. नावे शिवाजी, टिळक, गांधी, नेहरू अशी. क्रीडा सप्ताहात कबड्डी, खो-खो, रस्सीखेच होते, फळ्यावर गुण चढतात आणि शेवटी फिरती ढाल एका हाऊसच्या कॅप्टनच्या हातात येते. हॅरी पॉटर वाचलेल्या मुलांना तर हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ही पद्धत इंग्लंडच्या निवासी शाळांतून आली. तिथे मुले खरोखर वेगवेगळ्या घरांत राहायची, प्रत्येक घरावर एक मास्तर, जेवण तिथे, झोप तिथे, शिक्षाही तिथेच. एकमेकांसाठी मैदानात जीव तोडून खेळायची ती त्या एका छपरामुळे. पुढे दिवसाच्या शाळांनी ही पद्धत उचलली तेव्हा छप्पर मागे राहिले, रंग आणि ढाल तेवढी सोबत आली. सातारलाच १९६१ साली देशातली पहिली सैनिक शाळा निघाली, तिथे मुले अजून खरोखर हाऊसमध्ये राहतात. बाकी शाळांत हाऊस म्हणजे वर्षातला एक आठवडा.

आमच्या भागात छप्परही होते आणि पंगतही होती, आणि ती इंग्लंडच्या घरांहून अवघड कामाला लागली होती. तिकडे घरांची एकमेकांशी चुरस होती, पण त्यांत राहणारी मुले बहुतेक एकाच थरातली. इकडे एका छपराखाली मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान पोरे होती आणि त्यांना एकमेकांच्या हातचे खायचे होते. चुरस करणे त्या मानाने फार सोपे. म्हणून मला वाटते, आष्ट्याच्या आणि आसपासच्या शाळांनी चार हाऊसची नावे नव्याने ठेवावीत: दूधगाव, काले, नेर्ले, सातारा. गुण नुसते धावण्याचे आणि चेंडूचे नकोत. पाण्याच्या टाकीची पाळी, मैदानाची झाडलोट, शाळेच्या बागेतला वाफा, धाकट्याला पाढे शिकवणे, यांनाही फळ्यावर जागा हवी. ज्यांना हे पटणार नाही त्यांचे म्हणणे मी ऐकले आहे: पालक तक्रार करतात, पोराला झाडू दिला म्हणतात. सगळ्याच पोरांच्या हाती पाळीपाळीने झाडू आला, तर त्या तक्रारीला शाळेकडे उत्तर असते. एकाच वस्तीतल्या पोरांच्या हाती तो दिला, तर मात्र पालकांचे खरे आहे आणि शाळेने मान खाली घालावी.

वर्षाच्या सुरुवातीला नव्या मुलांना बिल्ले वाटतात, तेव्हा सोबत दूधगावची सहल जोडावी. आष्ट्याहून एका शनिवारच्या सकाळी जाऊन येता येते. डबे घरून आणावेत, तिथे एकत्र उघडावेत, आणि चारी हाऊसची मुले मिसळून बसवावीत.