काळी वायर

गुडगावच्या सिरहौल टोलनाक्यावर तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला, तसा मी चारी काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण सोडला. २०१० चा जून महिना, दुपारचे तीन, बाहेर ४४ अंश. मागच्या सीटवर आई होती. ती घाबरून म्हणाली, "अरे, एवढ्या उन्हात हीटर कसला लावतोस?" पण इंजिनातली उष्णता कुठून तरी बाहेर काढणं भाग होतं, आणि हीटर म्हणजे गाडीतला दुसरा, छोटा रेडिएटरच. दहा मिनिटांनी काटा खाली सरकला. आईचा चेहरा मात्र लालबुंद झाला होता. रेडिएटरचा पंखा का थांबतो हे कळल्याशिवाय तिला पुन्हा या गाडीत बसवायचं नाही, असं मी तिथेच ठरवलं.

गाडी होती १९९८ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, दुसऱ्या हाताची. याच गावात, तेव्हाच्या गुडगावच्या कारखान्यात, ती जन्मली होती. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली हरपाल सिंग यांच्या हाती दिली, तेव्हापासून भारतातल्या असंख्य घरांनी बॉनेटखाली एक नवी गोष्ट पाहिली. अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं. त्यामुळे पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरे. ८०० मध्ये इंजिन आडवं. त्याच्या शाफ्टचं टोक चाकाकडे आणि रेडिएटर समोर, मग पट्ट्यानं पंखा फिरणार कसा? म्हणून विजेची मोटर आली, आणि पाणी ठरावीक तापलं की तिला चालू करणारा थर्मो स्विच आला. पट्टा तुटला की डोळ्यांना दिसतो. विजेचा दोष दिसत नाही.

लक्षणं स्पष्ट होती. महामार्गावर साठच्या वेगाला काटा निम्म्यावर स्थिर, कारण समोरचा वाराच पंख्याचं काम करतो. इफ्को चौकात किंवा टोलवर पाच मिनिटं अडकलं की काटा चढलाच. महिन्याभरात थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर साफ करून घेतला, नवा कूलंट भरला, थर्मो स्विच बदलला. शेवटी पंख्याची मोटरही नवी घेतली. जुनी मोटर काढण्याआधी इलेक्ट्रिशियननं ती बॅटरीला थेट जोडून दाखवली होती आणि ती झकास फिरली होती. तरीही बदलली. नवीही थेट जोडल्यावर झकास फिरली. गाडीत टेस्ट लॅम्प लावला, तर तोही लख्ख पेटला. म्हणजे वीज पंख्यापर्यंत पोचत होती. आणि तरी पुढच्या जॅममध्ये पंखा आधी रेंगाळला, मग थांबला. डॅशबोर्डवर वेगळं बटण लावून पंखा कायम चालू ठेवा, असा सल्ला मिळाला. तो मला मान्य नव्हता. कारण सापडलेलं नसताना बटण लावणं म्हणजे जखमेवर नुसता कपडा टाकणं.

रात्री मामाला फोन लावला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याचं आयुष्य मोटारींच्या वायरिंगमध्ये गेलं. सगळं ऐकून त्यानं एकच विचारलं.

"बॅटरीवर थेट जोडताना एक वायर जोडली का दोन्ही?"

"दोन्ही."

"आरं, मग गाडीतली काळी वायर तपासली कुठं?"

मी फोन हातात धरून तसाच उभा राहिलो. खरंच, प्रत्येक चाचणीत आम्ही गाडीची अर्थिंग बाजूला ठेवून पंखा फिरवत होतो, आणि तो फिरतोय यावर समाधान मानत होतो.

सकाळी इंजिन तापवून पंखा सुरू व्हायची वाट पाहिली. हात पात्यांपासून लांब ठेवून मल्टीमीटर लावला. बॅटरीवर १३.६ व्होल्ट. पंख्याच्या दोन टोकांमध्ये फक्त ९.४. धन बाजूला ०.२ व्होल्ट गळत होते, ते चालण्यासारखं. मग एक टोक काळ्या वायरीवर आणि दुसरं बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवलं. इथे जवळपास शून्य दिसायला हवं.

आकडा आला ४.०.

काळी वायर हातानं चाचपत पुढच्या पत्र्यापर्यंत गेलो. तिथल्या बोल्टजवळ बोट टेकवलं आणि चटका बसला. बोल्ट सोडवला. वायरीच्या टोकाच्या कडीखाली चकचकीत पांढरा रंग होता. आदल्या थंडीत गाडी पुढून ठोकली गेली होती, पत्रा सरळ करून रंगवला होता. रंग वाळल्यावर कडी तशीच रंगावर कसली गेली. वीज फक्त बोल्टच्या आट्यांतून, हळूहळू चढणाऱ्या गंजातून जात होती.

टेस्ट लॅम्पनं फसवलं कसं, ते मला कागदावर मांडल्याशिवाय झोप आली नसती. पंखा सहा अ‍ॅम्पिअर ओढतो असं धरलं, तर चार व्होल्ट गळायला पाऊण ओहमपेक्षा कमी अडथळा पुरतो. पाच वॅटचा दिवा घेतो जेमतेम ०.४ अ‍ॅम्पिअर, त्याच सांध्यात त्याचा पाव व्होल्टच जातो, आणि तेवढा फरक डोळ्याला कळत नाही. पंखा चालताना मात्र त्या सांध्यात २४ वॅट जळत होते, म्हणजे सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता. सांधा तापला की अडथळा वाढे, पंखा मंदावे, आणि जॅममध्ये अडकलेल्या गाडीत हे चक्र मोटर थांबेपर्यंत चाले.

पॉलिश पेपरनं रंग खरवडून पत्रा उघडा केला, कडी घासली, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं: ०.१ व्होल्ट. पंख्याचा आवाजच बदलला होता. त्याच आठवड्यात आईला घेऊन त्याच टोलनाक्यावर पाऊण तास अडकलो. काटा निम्म्यावरून हलला नाही.

तुमची जुनी गाडी वाहतुकीत तापत असेल, तर मोटर बदलण्याआधी एवढं करा. पंखा फिरत असताना मीटरचं एक टोक त्याच्या काळ्या वायरीवर आणि दुसरं बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर आधी तो बोल्ट सोडवा.