साखवाळ ते सेवाग्राम

नागपूर-पुण्याच्या सुविचार प्रकाशन मंडळाने 1940 व 1941 साली दोन भागांत प्रसिद्ध केलेला ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ ज्याने वाचला, त्याला धर्मानंद कोसंबींचा व्यासंग पहिल्या प्रकरणातच जाणवतो. परंतु या पंडितापाशी ना विद्यापीठाची पदवी होती, ना घरची श्रीमंती, आणि मूळ पाली ग्रंथांपर्यंत पोहोचण्यासाठी त्यांना देशोदेशी वणवण करावी लागली, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

1876 साली गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या या तरुणाच्या हाती ‘बालबोधमेवा’ मासिकातील बुद्धाचे चरित्र पडले, आणि नारळीच्या बागायतीत मन रमेना म्हणून 1899 साली, पत्नी व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून, त्यांनी संस्कृत शिकण्यासाठी घर सोडले. या ज्ञानयात्रेची किंमत घरच्या माणसांनीही मोजली, हे चरित्रकाराने झाकून ठेवू नये. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे मुक्काम करीत ते सिंहलद्वीपास पोहोचले. तेथे बौद्ध भिक्खू सुमंगलाचार्यांपाशी त्यांनी पालीचे अध्ययन केले आणि 1902 साली प्रव्रज्या घेतली. पुढे ब्रह्मदेशही पाहिला.

नंतर कलकत्त्यास पाली शिकविण्याचे काम मिळाले, आणि या आयुष्यातील माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रसंग येथेच घडला. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहावे व बडोदे संस्थानासाठी वर्षाला एक पुस्तक लिहावे, एवढ्या अटीवर सयाजीराव गायकवाडांनी दरमहा पन्नास रुपयांचा तनखा देऊ केला, तेव्हा कलकत्त्याच्या त्याहून कितीतरी मोठ्या पगारावर पाणी सोडून कोसंबी मराठी मुलखात परतले; कारण जे आपण परक्या देशांत कष्टाने मिळविले, ते स्वभाषेतील सामान्य वाचकाच्या हाती पडावे, हीच त्यांची तळमळ होती.

1910 साली, अमेरिकन पंडित वॉरन यांच्या हातून अपुरे राहिलेले ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन पुरे करण्यासाठी, त्यांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले, 1912 पासून फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन झाले, त्यानंतर पुन्हा हार्वर्ड, आणि मग गुजरात विद्यापीठ. पण अध्यापनाच्या त्या धामधुमीतही, 1914 साली, ‘बुद्धलीलासारसंग्रह’ मराठीत अवतरला.

त्यांच्या लेखणीचे धैर्य मात्र ‘भगवान बुद्ध’मध्ये दिसते. वृद्ध, रोगी व प्रेत पाहून राजपुत्र विरक्त झाला, ही सर्वश्रुत कथा त्यांनी प्राचीन सुत्तांच्या कसोटीवर घासून बाजूस सारली, आणि शाक्य व कोलिय या शेजारी कुळांमधील रोहिणी नदीच्या पाण्याचा कलह व त्यातून उगारली जाणारी शस्त्रे यांतच गृहत्यागाचे कारण शोधले. श्रद्धाळू वाचकास हे रुचेल की नाही, याची फिकीर न करता आधार काय ते सांगावे आणि तर्क कोठे सुरू होतो तेही सांगावे, ही सचोटी मला विद्वत्तेहूनही थोर वाटते.

विदर्भातल्या सेवाग्राम येथे 4 जून 1947 रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांचा ‘भगवान बुद्ध’ पुढे साहित्य अकादमीने अन्य भारतीय भाषांत नेला.