सर्पगंधेच्या मुळापासून जनुकांपर्यंत

मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेवर निबंध लिहिला, तो रक्तदाबाविषयी. पण या मुळीने वेडाचा झटका शमतो, हे आपल्याकडे आधीपासून ठाऊक होते. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच तसे लिहून ठेवले होते. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी मुळीतून रिसर्पिन वेगळे काढले आणि पुढच्या दोन वर्षांत अमेरिकेतल्या मनोरुग्णांवर ते वापरलेही गेले.

रिसर्पिन करते काय? चेतापेशी डोपामिन, सेरोटोनिन यांसारखी रसायने इवल्या पिशव्यांत साठवतात आणि निरोप द्यायचा झाला की बाहेर सोडतात. पिशवीत रसायन ओढून घेणारे वाहक प्रथिन म्हणजे व्हीमॅट. रिसर्पिन त्यालाच अडवते. पिशव्या भरत नाहीत आणि पेशीत मोकळे राहिलेले रसायन विकरे मोडून टाकतात. रिसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये, डोपामिन ज्यापासून बनते ते, एल-डोपा दिले, तेव्हा ते पुन्हा हिंडूफिरू लागले. डोपामिनचे मेंदूतले महत्त्व तिथून उमगले. कार्लसन यांना नोबेल मिळाले ते २००० मध्ये.

वाहक अडवून भ्रम निवळत असतील, तर ज्याच्यात तो वाहक जन्मतःच थोडा वेगळा आहे, त्याचे काय? व्हीमॅटचा एक प्रकार असलेल्या व्हीमॅट-१ चे जनुक आठव्या गुणसूत्रावर असते. त्या प्रथिनाच्या १३६ व्या जागी कुणात थ्रिओनिन, तर कुणात आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल असते. संशय यावा असाच हा फरक. असे फरक हेरून स्किझोफ्रेनिया या, भ्रम होणाऱ्या मनोविकाराच्या थोड्याथोडक्या रुग्णांवर पाहण्या झाल्या. पण नमुना लहान असला की योगायोगही पुरावा वाटू लागतो. सर्वाधिक अभ्यासलेली २५ ‘संशयित’ जनुके २०१७ मध्ये मोठ्या माहितीवर तपासली, तेव्हा इतर जनुकांपेक्षा त्यांचा स्किझोफ्रेनियाशी संबंध जास्त आढळला नाही. कित्येकांच्या अनेक वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडले, पण ही झाडाझडती व्हायलाच हवी होती.

मग वाहकांचा धागा तुटला का? नाही. २०२० मध्ये स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आणि त्याचे आईवडील अशा ३,४४४ त्रिकुटांची जनुके तपासली गेली आणि एसएलसी६ए१ हे जनुक पुढे आले. त्यापासून बनणारा वाहक, गॅट-१, काम झालेले गाबा पुन्हा पेशीत ओढून घेतो. गाबा मेंदूतली उत्तेजना आवरते. आईवडिलांत नसलेले, मुलात नव्याने उद्भवलेले बदल या जनुकात अपेक्षेपेक्षा जास्त सापडले. याच जनुकातल्या बिघाडाने काही मुलांना अपस्मारही होतो. मात्र या जनुकात असा बदल असलेले स्किझोफ्रेनियाचे रुग्ण अगदी विरळ. बहुतेकांत २०२२ च्या महाअभ्यासाने दाखवलेलेच चित्र दिसते: ७६,७५५ रुग्ण, जनुकसंचातल्या २८७ जागा, आणि प्रत्येकीचा वाटा नगण्य.

आपल्याकडे सोयरीक जुळवताना ‘घराण्यात कुणाला वेड?’ असे आजही दबक्या आवाजात विचारतात. डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाची आनुवंशिकता ७९ टक्के निघाली. तरीही एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार झाल्यावर दुसऱ्यालाही होण्याचे प्रमाण ३३ टक्केच होते. म्हणून कोणत्याही एका वाहक-जनुकाची चाचणी करून घराण्याचे भविष्य सांगता येत नाही, आणि तसे सांगणाऱ्याला पैसेही देऊ नयेत.