मौजेचा किनारा

'मौज' हा शब्द तुमच्या घरचाच आहे. उर्दूत मौज म्हणजे पाण्याची लाट, आणि मनाची लहरही. मराठीत आल्यावर या शब्दातील लाट मागे राहिली आणि मजा तेवढी उरली. हे दोन्ही अर्थ जेथे पुन्हा एकत्र येतात, अशा एका गावाला आज आपण भेट देऊ.

या गावाचे नाव कोवळम. केरळातही याच नावाचे प्रसिद्ध ठिकाण आहे, पण आपले कोवळम तमिळनाडूत आहे. चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या किनारी रस्त्याने सुमारे ४० किलोमीटर गेले की हे गाव लागते. अठराव्या शतकात येथे किल्ला होता. १७५२ साली क्लाइव्हने तो फ्रेंचांकडून जिंकला आणि पाडून टाकला. येथे हजरत तमीम अन्सारी यांचा दर्गा आहे, तसेच एक जुने चर्चही आहे. समोर पाहावे तो लांबच लांब वाळूचा किनारा आणि त्यापलीकडे बंगालचा उपसागर!

गाव मच्छीमारांचे. त्यांचे पूर्वज लाकडाचे ओंडके दोरांनी एकत्र बांधून त्यावर बसून समुद्रात जात. तमिळ भाषेत 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे लाकूड. म्हणून त्या तराफ्याचे नाव कट्टुमरम. इंग्रजीतील 'कॅटामरान' हा शब्द यावरूनच आला आहे.

लाटांवर स्वार होण्याची कला येथील मुलांच्या जणू रक्तातच आहे. आता ती मुले एका लांब फळीवर उभी राहून लाटेवरून घसरत येतात. या खेळाला सर्फिंग म्हणतात. मच्छीमार कुटुंबातील मूर्ती मेगवन यांनी येथे सर्फिंगची शाळा सुरू केली. २०२१ साली टोकियो येथे झालेल्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा खेळला गेला.

पण लाट येते कोठून? दूर समुद्रावर वारा वाहतो आणि पाण्याला हेलकावे देतो. हे हेलकावे शेकडो किलोमीटर प्रवास करतात. पाणी मात्र जवळजवळ जागच्या जागीच गोल फिरत असते. शेतातून वारा गेला की पिकावर लाट धावते, पण रोपे जागा सोडत नाहीत, तसेच हे आहे. किनारा जवळ आला की समुद्र उथळ होतो. लाटेचा तळ वाळूमुळे अडखळतो, तिचा माथा पुढे झुकतो आणि लाट फुटते. फुटण्याच्या बेतात असलेली लाट ओळखणे, हीच सर्फिंगची पहिली परीक्षा!

दुसरी परीक्षा अधिक महत्त्वाची आहे. लाटांनी किनाऱ्याकडे आणलेले पाणी परत जायला वाट शोधते. वाळूच्या दोन उंचवट्यांमध्ये खोलगट जागा सापडली की तेथून ते जोराने समुद्राकडे जाते. तेथे पाणी खोल असल्यामुळे लाटा फारशा फुटत नाहीत. ती जागा शांत दिसते. नवख्या माणसाला वाटते, पोहायला हीच जागा बरी. तेथेच तो फसतो.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर गेली होती. त्या दिवशी १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. सकाळी हसत घराबाहेर पडलेली ही मुले परत आलीच नाहीत. तुमचीही सहल कधीतरी समुद्रावर जाईल, म्हणून पुढील गोष्टी नीट लक्षात ठेवा.

पाण्यात उतरण्यापूर्वी गावातील मच्छीमारांना किंवा जीवरक्षकांना विचारा. लाल झेंडा असेल तर पाण्यात जाऊ नका. एकट्याने कधीही उतरू नका. प्रवाहाने ओढलेच, तर घाबरून किनाऱ्याकडे झुंजू नका, कारण त्यात दम संपतो. हा प्रवाह बहुधा अरुंद असतो. म्हणून किनाऱ्याला समांतर पोहा, त्यातून बाहेर पडा आणि मग तिरपे किनाऱ्याकडे या. ते जमत नसेल तर पाठीवर तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा. बुडणाऱ्याला पाहून स्वतः उडी मारू नका. हवा भरलेली ट्यूब किंवा झाकण लावलेला रिकामा डबा त्याच्याकडे फेका आणि जीवरक्षकाला हाक मारा.

गंमत अशी की, जाणकार सर्फर याच प्रवाहाच्या मदतीने फळी घेऊन आत जातात. ज्या पाण्यात अजाण माणूस बुडतो, तेच पाणी जाणत्याला पुढे नेते. म्हणून मित्रांनो, आधी उर्दूतील मौज ओळखायला शिका. मग मराठीतील मौज खुशाल करा!