छापण्याआधीचे संशोधन किती खरे मानावे?

अहिल्यानगर जिल्ह्यावर देशोदेशीच्या संशोधकांची नजर असते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प असो की हिवरे बाजारचे पाणी नियोजन, त्यांवर भरपूर लिहिले गेले आहे. असे संशोधन आता नियतकालिकात छापून येण्याआधीच इंटरनेटवर वाचायला मिळू शकते. त्याला ‘प्रीप्रिंट’ म्हणतात.

नियतकालिकाकडे निबंध पाठवला की त्या विषयातले इतर तज्ज्ञ तो तपासतात. यात कित्येक महिने जातात. प्रीप्रिंट ही त्या तपासणीआधीची प्रत. सामाजिक शास्त्रांसाठी ‘एसएसआरएन’ हे भांडार १९९४ पासून, तर ‘सोशआर्काइव्ह’ २०१६ पासून आहे. ‘सोशआर्काइव्ह’वरचे निबंध वाचायला पैसे पडत नाहीत. तालुक्याच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यासाठी ही मोठीच सोय.

मात्र भांडाराचे नियम समजून घ्यायला हवेत. लेखन संशोधनाच्या स्वरूपाचे आहे का, विषय भांडारात बसतो का, लेखकांची नावे नीट दिली आहेत का, एवढे ‘सोशआर्काइव्ह’चे नियंत्रक पाहतात. निष्कर्ष बरोबर आहेत की नाहीत, हे ते ठरवत नाहीत.

याचा फटका कोविडकाळात दिसला. मेक्सिको सिटीच्या सरकारने रुग्णांना आयव्हरमेक्टिन असलेली औषधांची पाकिटे वाटली. त्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ५२ ते ७६ टक्क्यांनी घटले, असा दावा करणारा निबंध मे २०२१ मध्ये ‘सोशआर्काइव्ह’वर आला. लेखकांत त्याच सरकारचे अधिकारी होते. त्याच महिन्यात आपल्या शेजारच्या गोव्यात १८ वर्षांवरील सर्वांना हे औषध देण्याची घोषणा झाली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञ डॉ. सौम्या स्वामिनाथन यांनी सावधगिरीचा इशारा दिला. या दोन घटनांचा थेट संबंध होता असे नाही. पण अशा दाव्यांकडे तेव्हा किती आशेने पाहिले जात होते, ते यावरून कळते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘सोशआर्काइव्ह’ने तो निबंध काढून टाकला. सिद्ध न झालेल्या उपचाराचा त्यात प्रचार आहे आणि रुग्णांची रीतसर संमती न घेता औषध वाटलेले दिसते, ही प्रमुख कारणे त्यांनी दिली. पुढच्याच महिन्यात ब्राझीलमधील १,३५८ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयव्हरमेक्टिनमुळे रुग्णालयात दाखल होणे कमी झाले नव्हते. नऊ महिने मात्र तो दावा सर्वांसाठी खुला होता.

म्हणून प्रीप्रिंट वाचूच नये, असे नाही. मोबाइलवर ‘संशोधनात सिद्ध झाले’ असा संदेश आला, तर मूळ निबंध उघडून पाहावा. तो प्रीप्रिंट आहे का? नंतर नियतकालिकात आला का? सुधारित आवृत्ती निघाली आहे का, की तो मागे घेतला गेला आहे? लेखकांचा त्या योजनेशी संबंध आहे का? निबंध आपल्या गावाबद्दल असेल, तर गावकऱ्यांची संमती घेतल्याचा उल्लेख आहे का, हेही बघावे. आणि एखाद्या प्रीप्रिंटच्या भरवशावर औषध सुरू किंवा बंद करू नये. ते डॉक्टरांना विचारूनच करावे.